नाकाचं काय घेऊन बसलात! जुन्या सफारीच्या चाहत्यांना खुलं पत्र

प्रति,
टाटा सफारीचे समस्त जुने चाहते

स. न. वि. वि.

मंडळी, इतकी वर्षं झाली तरी तुमचा राग काही उतरत नाही. 22 फेब्रुवारी 2021 ला नवी सफारी विक्रीला आली तेव्हा तुम्ही म्हणालात, ही सफारी नव्हेच, टाटाच्याच पाच सीटच्या हॅरियरला शेपूट जोडलंय. ऑक्टोबर 2023 मध्ये तिचं तोंड बदललं, तेव्हा म्हणालात, आता तर ओळखू पण येत नाही. हेडलाइट खाली बंपरात कोंबलेत आणि वर नुसती दिव्यांची पट्टी. मग 25 नोव्हेंबर 2025 ला सिएरा परत आली, आणि तिच्या मागच्या काचेवरून पुन्हा तीच बोंब. दर वेळी भांडण कशावर? ग्रिल, दिवे, काळं प्लास्टिक, लोगोची जागा. म्हणजे नाकावर.

मी भोसरीच्या एमआयडीसीत एक छोटं टूलरूम चालवतो. पत्र्याच्या पार्टचे डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार द्यायचे साचे, बनवायचे, झिजलेले दुरुस्त करायचे, हा धंदा. गाडी कंपनीशी थेट देणंघेणं नाही. कंपनीला जे माल देतात, त्यांना जे माल देतात, त्यांच्यातला मी. दारात 2.2 लिटरची डायकॉर, म्हणजे जुनी सफारीच, उभी असते. तेव्हा हे पत्र बाहेरच्या माणसाचं समजू नका. तुमचा राग मला पटतो. फक्त तो भलत्याच जागी खर्च होतोय, आणि ज्याच्यासाठी खरोखर आवाज करायला हवा ते तसंच राहून जातंय.

आधी एक सांगतो. आमच्या पिंपरी-चिंचवडात टाटा मोटर्स असं अजूनही कुणी म्हणत नाही. 2003 मध्ये कंपनीचं नाव बदललं, पण इथे ती टेल्कोच. ‘मुलगा टेल्कोत आहे’ एवढ्या एका वाक्यावर लग्नं जमलेली आहेत. 1988 ची टाटामोबाइल, तिच्यातून 1991 ची सिएरा, पाठोपाठ इस्टेट, 1994 ची सुमो आणि 1998 ची सफारी, ही सगळी भावंडं आमच्या डोळ्यांदेखत मोठी झाली. सुमो हे नाव टेल्कोचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून आलं, हे जपानी कुस्तीशी त्याचा संबंध जोडणाऱ्यांना आम्ही आजही हौसेने सांगतो. त्यामुळे सफारीबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की इथे ते घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं लागतं. हे सगळं मान्य करूनच पुढचं लिहितोय.

तर नाकाबद्दल. फेसलिफ्ट म्हणजे नक्की काय बदलतात, ते धंद्यातल्या माणसाकडून ऐका. दरवाज्याच्या बाहेरच्या एका पत्र्याला एक डाय पुरत नाही. पहिल्या डायमध्ये पत्रा ओढून आकार देतात, दुसऱ्यात कडा कापतात, तिसऱ्यात त्या वळवतात, पुढे भोकं पाडतात. एका पॅनलला असे चार-चार, पाच-पाच डाय, आणि एकेक कित्येक टनांचा बिडाचा ठोकळा. गाडीची पूर्ण बाजू, म्हणजे पुढच्या खांबापासून मागच्या दिव्यापर्यंतचा एकसंध पत्रा, हा तर त्या सगळ्यांचा बाप. हे डाय बदलायचे म्हणजे कोट्यवधी रुपये आणि वर्ष-दीड वर्षाचं काम. म्हणून फेसलिफ्ट करताना कंपनी या लोखंडाला शक्यतो हात लावत नाही. बंपर प्लास्टिकचा, ग्रिल प्लास्टिकची, दिवेही प्लास्टिकचेच. त्यांचे मोल्ड त्या मानाने स्वस्त. 2023 ची सफारी बाजूने उभं राहून बघा. दरवाजे तेच, काचा त्याच, छत तेच. तुम्ही ज्याच्यावर तुटून पडलात तो सगळा बदल दोन बंपरांच्या आसपास आहे. आणखी दोन-तीन वर्षांनी तोही पुन्हा बदलेल.

मला विचाराल तर 2023 चं तोंड वाईट नाही. आवडलं नाही ते आतलं. एसीची बहुतेक बटणं काढून गुळगुळीत टच पॅनल दिलाय. घाटात पावसात काच आतून धुरकट झाली की माणूस समोर बघत, न बघता बटण चाचपतो. तिथे चाचपायला ते बटणच नसणं हा माझ्या मते नाकापेक्षा मोठा गुन्हा. त्यावर तुमच्यापैकी फार थोडे बोललात.

आणि छताची पायरी? तिच्याबद्दल कुणी चांगला शब्द काढलेला मी तरी ऐकला नाही. 1998 च्या सफारीचं छत मधल्या सीटच्या मागे उचललेलं होतं. 2021 च्या गाडीतही ते तसंच उचललंय. हॅरियरचं छत तिथे सरळ उतरतं. सफारीसाठी तिसऱ्या रांगेच्या डोक्यावर जागा हवी होती म्हणून ते वेगळं केलं, हे उघडच आहे, पण ते जुन्या गाडीची आठवण येईल अशा रीतीने केलंय. छत हा डायवाल्याला छळणारा पत्रा. मोठा, सपाट, पातळ. ताण सगळीकडे सारखा बसला नाही तर अंगठ्याने दाबलं की डबा वाजल्यासारखा टणत्कार करतो. हॅरियरचं छत आहे तसं वापरता आलं असतं तर खर्च वाचला असता. तेव्हा कंपनीचं डिझाइन प्रताप बोस सांभाळत होते. 2021 मध्येच ते महिंद्राकडे गेले. ती पायरी ठेवा असं तिथे ज्या कुणी म्हटलं असेल, त्याने जुनी सफारी नीट बघितली होती एवढं नक्की.

मग जुन्या गाडीचा रुबाब गेला कुठे? तो नाकात नव्हताच. मापं बघा. 2012 ची सफारी स्टॉर्म लांबीला 4,655 मिलिमीटर, 2021 ची सफारी 4,661. म्हणजे सारखीच. उंचीला स्टॉर्म 1,922 आणि नवी 1,786. फरक 136 मिलिमीटरचा, सव्वापाच इंच. सिग्नलला शेजारी उभी राहिलेली सफारी पूर्वी तुमच्याकडे वरून बघायची, आता समोरासमोर बघते. त्यावर कुठलंही नाक बसवा, तुमची तक्रार राहणारच. तो सव्वापाच इंच गेला, कारण खालची लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखा वेगळा सांगाडा, गेली आणि अंग व सांगाडा एकच असलेली मोनोकॉक आली. गाडी खाली बसली, वळणावर कमी झुलायला लागली, मागच्या सीटवर बसलेल्या आईला वरंधा घाटात उलटी व्हायची थांबली. हेही बदलाच्याच खात्यात लिहायला हवं.

आता पत्र्याकडे येतो, कारण या विषयावर आपल्या मंडळींचं ज्ञान ऐकून मला हसावं की रडावं कळत नाही. नव्या गाडीच्या बॉनेटवर बोटाचं पेर वाजवायचं आणि म्हणायचं, ‘पातळ आहे, जुन्या सफारीचा पत्रा म्हणजे पत्रा होता!’ अहो, बाहेरचा पत्रा तेव्हाही साधारण पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा असायचा आणि आजही तिथेच आहे. टक्कर झाल्यावर तुम्हाला वाचवतो तो बाहेरचा पत्रा नव्हे. आतला मधला खांब, उंबऱ्याच्या आतली पेटी, पुढचे दोन दांडे, ते जे सहसा कुणाला दिसत नाहीत, ते वाचवतात. आणि ते आता हाय टेन्साइल पोलादाचे असतात.

हे पोलाद काय चीज आहे ते माझ्या दुकानात येऊन बघा. साधा मऊ पत्रा काटकोनात दाबला की जवळजवळ काटकोनातच राहतो. हाय टेन्साइल पत्रा दाब सुटल्याबरोबर मागे उठतो. आम्ही त्याला स्प्रिंगबॅक म्हणतो. त्यामुळे डायमध्येच तो मुद्दाम जास्त वाकवून ठेवावा लागतो. किती जास्त, ते प्रत्येक ग्रेडला वेगळं. कॉम्प्युटर आधी सांगतो, पण शेवटचं बोलणं प्रेसवरच होतं. डायच्या एका अर्ध्याला निळा रंग पुसायचा, पत्रा ठेवून प्रेस हळू खाली आणायची, उचलायची आणि बघायचं, निळा कुठे लागला, कुठे कोरा राहिला. जिथे जास्त दाबतोय तिथे हँड ग्राइंडर घ्यायचा, घासायचं, पुन्हा निळा, पुन्हा प्रेस. बाहेरच्या पॅनलवर तर ऑइलस्टोन फिरवतात: उंचवटा असेल तिथे दगडाचा ओरखडा उमटतो, खड्डा असेल तिथला पत्रा जसाच्या तसा राहतो. डोळ्याला न दिसणारा दोष त्या दगडाला दिसतो. हे काम करणारी पोरं रात्रपाळीला निळ्या हातांनीच वडापाव खातात. पेर वाजवून गाडीची परीक्षा करणाऱ्याला त्यातलं काय दिसणार?

डिसेंबर 2023 मध्ये भारत एनकॅपचे, म्हणजे गाड्या आपटून घेतल्या जाणाऱ्या सुरक्षा-चाचणीचे, पहिलेवहिले निकाल लागले. त्यात पहिल्या दोन गाड्या हॅरियर आणि सफारी. दोघींना पाच तारे. मोठ्यांसाठी 32 पैकी 30.08 गुण, मुलांसाठी 49 पैकी 44.54. तुम्ही नाकं मुरडत होतात त्याच गाडीचा हा निकाल. जुन्या सफारीत मी आजही आनंदाने बसतो, पण सहा वर्षांच्या नातवाला घेऊन एक्सप्रेसवेला जायचं असेल तर मुलाची नवी गाडी मागतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

इथवर मी नव्या गाडीची वकिली केली. आता जिथे तुमच्या बाजूला येऊन उभा राहतो ते सांगतो.

नव्या सफारीला इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर आहे. फक्त पुढच्या. जुनीला मागच्या चाकांवर होता, आणि पैसे टाकले तर चारही चाकांवर, लो रेशोसकट, म्हणजे अवघड चढासाठी कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर. हा फरक सगळ्या ग्रिलांपेक्षा मोठा आहे, आणि तो कातडीतला नाही, हाडातला आहे. सात माणसं आणि त्यांचं सामान भरलं की वजन मागे जातं. चढाला लागलात की ते आणखी मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. वेल्ह्याच्या बाजूला ऑगस्टमध्ये लाल चिखलाचा चढ समोर आला, की ज्या चाकांनी ओढायचं तीच जमीन सोडायला लागतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नेमकं उलटं होतं. जितकी भरलेली, तितकी तिची मागची पकड घट्ट. सात सीटची गाडी, नाव सफारी, आणि जोर नुसता पुढच्या चाकांना, हे गणित मला कधीच पटलेलं नाही. ड्राइव्ह मोडच्या चकत्या फिरवून, ट्रॅक्शन कंट्रोलला चाक पकडायला लावून काही अंशी भागतं. पूर्ण भागत नाही.

बरं, करता येत नाही असंही नाही. मोनोकॉक आली म्हणून फोर बाय फोर गेली, हा आपल्यात पसरलेला गैरसमज आहे. नव्या सफारीचा सांगाडा ज्या लँड रोव्हरच्या डी-8 वरून घेतलाय, त्यावरची डिस्कव्हरी स्पोर्ट चारही चाकांवर चालते. ती मोनोकॉकच आहे. सफारीचं दोन लिटरचं डिझेल इंजिन फियाटच्या घराण्यातलं; त्याच घराण्याचं इंजिन नगर रस्त्यावर रांजणगावला बनणाऱ्या जीप कंपासमध्ये चारही चाकं फिरवतं. आणि जून 2025 मध्ये याच कंपनीने हॅरियरची इलेक्ट्रिक आवृत्ती आणली, तिची मुख्य मोटर मागे ठेवली आणि पुढे दुसरी लावून चारही चाकं चालवली. म्हणजे इंजिन आहे, सांगाडा आहे, मागच्या चाकांना जोर द्यायचं ज्ञान आहे. नाही ते एवढंच: डिझेल सफारीला फोर बाय फोर दिली तर ती विकत घेईल कोण, याची खात्री.

आणि ती खात्री आपणच दिली नाही. हे तुम्हाला कडू लागेल, पण ऐका. ‘सफारी म्हणजे फोर बाय फोर’ असं म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांच्या दारात फोर बाय फोर सफारी आहे? माझ्याही दारात फोर बाय टूच आहे. दीड-दोन लाख जास्त कशाला घालवा, वर्षातून किती वेळा लागणार, असा विचार मी केला, तुम्हीही केलात. स्टॉर्म 2012 मध्ये आली. तेव्हाची ओरड आठवते का? मागच्या दारावरचं जादा चाक काढून गाडीखाली टांगलं, म्हणून सफारी संपली म्हणत होतात. आज त्याच स्टॉर्मला तुम्ही शेवटची खरी सफारी म्हणता. ती दुकानात उभी होती तेव्हा शेवटची तीन-चार वर्षं तिला विचारायला कोण येत होतं? सैन्य आलं. 2017 मध्ये सैन्याने 3,192 स्टॉर्म मागवल्या, फोर बाय फोर, 800 किलो वाहून नेणाऱ्या. चाहते आले नाहीत. 2019 मध्ये गाडी बंद झाली.

हे आपल्यातच आहे असं नाही. मारुतीची जिप्सी 1985 पासून चालत होती, तीही 2019 लाच गेली. तिच्या जागी जिम्नी आणा, जिम्नी आणा म्हणून देशभर किती वर्षं आरडाओरडा चालला होता! जून 2023 मध्ये पाच दारांची जिम्नी आली. लॅडर फ्रेम, लो रेशो, सगळ्या मॉडेलना फोर बाय फोर. जे जे मागितलं ते ते. वर्षभरात तिची महिन्याची विक्री काही शेंवर येऊन बसली. किंमत जास्त, दारं लहान, डिझेल नाही. कारणं सगळ्यांकडे तयार. आता पुढच्या वेळी असली गाडी मागितली तर कंपनीतला हिशोबनीस कुठला कागद पुढे सरकवेल, ते सांगायला नको.

याच्या उलट बोलेरोकडे बघा. 2000 साली आली, अजून चालू आहे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये तिलाही नवी ग्रिल दिली, पण डबा तोच, फ्रेम तीच, जोर मागच्या चाकांवर. बोलेरोच्या गिऱ्हाइकाने कधी कुणाला पत्र लिहिलं नाही. दूध डेअरीचा, साखर कारखान्याचा, वडाप चालवणारा माणूस दर पाच-सात वर्षांनी शोरूममध्ये जाऊन ‘तीच पुन्हा द्या’ म्हणाला. स्कॉर्पिओचंही तेच. 2022 मध्ये नवी स्कॉर्पिओ-एन आली, तीसुद्धा लॅडर फ्रेमवर. आणि जुनीला क्लासिक म्हणून शेजारीच उभं ठेवलं. प्रेमापोटी नव्हे, ती विकली जात होती म्हणून.

इंग्रजांचा किस्सा तुम्हाला माहीतच असेल. लँड रोव्हरची जुनी डिफेंडर 29 जानेवारी 2016 ला त्यांच्या सॉलीहलच्या कारखान्यात बंद झाली, 2019 मध्ये नवी दाखवली आणि तिथल्या चाहत्यांनी आपल्यासारखाच गळा काढला. पण त्यांच्यातल्या जिम रॅटक्लिफ नावाच्या एका उद्योगपतीने सरळ पैसे काढले आणि जुनीच्या वळणाची, लॅडर फ्रेमची ग्रेनेडियर नावाची गाडी बनवायला घेतली. इतकी ऐपत आपल्यात कुणाची नाही, कबूल. बुकिंगचे पैसे भरायची तरी आहे की नाही?

सिएराबद्दल थोडंच. जुन्या सिएराची मागच्या सीटच्या बाजूची काच छतापर्यंत वळलेली होती, नवीत तिथे काळा चकचकीत भाग देऊन काचेचा भास केलाय, म्हणून तुम्ही चिडलात. भास मलाही आवडत नाही. पण जुनीला मागची दारं नव्हती! ती काच जाग्यावर पक्की बसवलेली होती, म्हणून हवी तशी वळवता आली. दार आलं की काच खाली जायला हवी, आणि छताकडे वळलेली काच दाराच्या पोटात उतरणार कशी? तुम्हाला चार दारंही हवीत आणि ती काचही हवी. दोन दारांची गाडी आणली असती तर तुमच्यातल्या कुणाच्या बायकोने ती घेऊ दिली असती, ते आधी घरी विचारून या.

आता मागायचंच असेल तर काय मागायचं, ते मला जे वाटतं ते सांगतो. नाक सोडा.

डिझेल सफारीला फोर बाय फोर मागा, आणि नुसती सही करून नको. जे खरोखर घेणार आहेत त्यांनीच नाव द्या, कुठल्या शहरातून, कितीपर्यंत जास्त मोजायची तयारी आहे, हे लिहून. पन्नास हजार लाइकपेक्षा अशी दोन हजार नावं कंपनीतल्या माणसाला जास्त उपयोगी पडतात. त्याला वरच्यासमोर कागद ठेवायचा असतो.

दुसरी मागणी मला जास्त जवळची, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. मॉडेल बंद झालं की त्याचे डाय लगेच मोडीत जात नाहीत. ते कुठल्यातरी यार्डात, ताडपत्रीखाली, गंज लागू नये म्हणून ग्रीस फासून ठेवलेले असतात. स्पेअरसाठी मागणी आली की ते बाहेर काढायचे, प्रेसवर चढवायचे, दोन-चारशे पार्ट काढायचे, पुन्हा यार्डात. मागणी कमी होत जाते, जागा अडते, आणि मग एक दिवस कुणीतरी कागदावर सही करतो आणि डाय किलोच्या भावाने भंगारात जातो. त्या दिवसानंतर तो फेंडर, तो दरवाजा जगात नव्याने बनणं संपलं. पुढे जुनं कापून जोडायचं, नाहीतर हाताने ठोकून काढायचं. कुठल्या गाडीचे डाय कुठे आहेत, कधी मोडीत निघतील, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही.

तेव्हा हे मागा: जुन्या सफारीचे, सिएराचे जे डाय, जे मोल्ड अजून शिल्लक असतील, ते मोडीत काढण्याआधी जाहीर करा. एक शेवटची बॅच काढा, आगाऊ पैसे घेऊन. नाहीतर ड्रॉइंग द्या, परवाना द्या, रॉयल्टी घ्या. आमच्यासारखी चार टूलरूम छोट्या संख्येत पार्ट बनवून देतील. काचेचं बीडिंग, दाराचे हँडल, मागच्या दिव्यांच्या काचा, हेच तर लागतं. हे काही अशक्य कोटीतलं नाही. 2008 पासून ज्यांच्या मालकीची लँड रोव्हर आहे, त्यांच्या घरातच हे चालू आहे. लँड रोव्हरचा क्लासिक विभाग जुन्या गाड्यांचे अस्सल पार्ट विकतो, 2016 मध्ये तर सिरीज वनच्या, म्हणजे लँड रोव्हरच्या अगदी पहिल्या मॉडेलच्या, गाड्या स्वतः नव्यासारख्या करून द्यायला लागला. सॉलीहलच्या गाडीला जे मिळतं ते पिंपरीच्या गाडीला का नको, एवढं विचारायला तुम्हाला फेसलिफ्टची वाट बघायची गरज नाही.

तुमच्याकडच्या जुन्या सफारीला काय काय मिळत नाही, त्याची पार्ट नंबरसह यादी करायला घ्या. नंबर जुन्या बिलावर असतो, नाहीतर पार्टवरच कोरलेला असतो. माझ्या 2.2 डायकॉरची मी सुरू केलीय. स्टॉर्मवाल्यांनी वेगळी करावी, तिचे बरेच पार्ट निराळे आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
तुमच्यातलाच एक डायवाला,
भोसरी

ता. क. – पुढचा लोखंडी बंपर गार्ड आता तरी काढा. डिसेंबर 2017 पासून केंद्राने त्यावर बंदी घातलेली आहे. शिवाय एअरबॅग असलेल्या गाडीत तो धक्का भलतीकडेच नेतो आणि पायी चालणाऱ्याची हाडं मोडतो. कंपनीने नाक बिघडवलं म्हणून ओरडणाऱ्यांच्याच गाड्यांच्या नाकांवर मी हे गज सगळ्यात जास्त बघतो.